निशाच्या खिडकीपुढचं कुंपण

घोडबंदर रोड, ठाणे
४ डिसेंबर २०२३

ती. बाबांस साष्टांग नमस्कार, आणि निशाला एक गोड पापा.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि रविवारी आम्ही आलो की निशासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. तिला तुमच्याकडे ठेवलं ते दम्यापायी. डॉक्टर म्हणाले, रस्त्याच्या धुरा-धुळीपासून लांब ठेवा. आमचा पहिला मजला, खाली दिवसभर गाड्या तुंबलेल्या. इथे असताना तिला बोलता बोलता धाप लागायची. हे म्हणतात, आपणच आंबिवलीला राहायला येऊ. पण दोघांचीही ऑफिसं इथेच. पाच वर्षांची पोर आईशिवाय झोपते, हे मला सहन होत नाही. ती रडते का, ते खरं खरं कळवा.

तुमची माया अशीच असू द्या.
विनिता

आंबिवली
११ डिसेंबर २०२३

विनिता बाय, तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

पहिले काही दिवस रडली. आता पंप वेळेवर घेते आणि गाढ झोपते. तिने कोंबड्यांची बारशी केलीत. सगळ्यात जास्त ओरडते तिचं नाव विनिता.

तुझी आई गेल्यापासून मी एकटा जेवत होतो. आता ताटाशी बडबड असते, घास गोड लागतो. तरी पोर आईजवळच शोभते. तुमच्या कंपाउंडच्या भिंतीशी झाडं का लावत नाहीत? वड-पिंपळाची रोपं मी देतो.

जावईबापूंना विचारलंय सांग. लोभ आहेच.
काळुराम

घोडबंदर रोड, ठाणे
८ जुलै २०२४

ती. बाबांस सा. नमस्कार.

तुमची सूचना सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडली, तेव्हाची हकीकत सांगायची राहिली. पालिकेच्या उद्यान विभागातल्या बाईंना आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, नुसती उंच झाडं लावली तर धूळ बुंध्यांमधून आत येईल. जमिनीपासून दाट पाला हवा. म्हणून मागे बांबू, पुढे अडुळसा नि तगर, असं ठरवलं.

सेक्रेटरी सर्वेश तयार होईनात. पार्किंगची एक अख्खी ओळ जाणार, त्यात त्यांचीही जागा. डासांचंही कारण काढलं. तेव्हा त्यांच्या आई शांताबाई उठल्या. त्यांचा फ्लॅट आमच्या शेजारीच. त्या एवढंच म्हणाल्या, "सर्वेश, तुझी गाडी कव्हर घालून असते. मी गॅलरीत बिनकव्हरची बसते." मग सर्वेशनीच पहिली गाडी हलवली.

तुम्ही टेम्पोतून आणलेले बांबू सगळे जगलेत. पण वाढायला वेळ लागणार. तोवर निशाला सांभाळा, अजून किती काळ ते माहीत नाही. तुमच्यावर फार भार टाकतेय.

विनिता

घोडबंदर रोड, ठाणे
१९ जानेवारी २०२६

ती. बाबांस सा. नमस्कार.

निशा दिवाळीत घरी आली आणि आतापर्यंत हिवाळा नीट गेला. शाळा एकदाही बुडली नाही. डॉक्टरांनी छाती तपासून पंप कमी केला. त्यांनी बजावलंय, सगळं श्रेय झाडांना देऊ नका. औषधं आहेत, खाली रस्त्याचं खोदकाम चालू होतं तेही संपलंय. मान्य. पण बांबू आता आमच्या खिडकीच्या वर गेलाय. रस्त्याकडची पानं करडी आणि घराकडची हिरवी, हे मी रोज बघते. ती करडी धूळ आमच्या घरात आली असती.

काल सकाळी जाग आली तेव्हा लक्षात आलं, तिचा श्वास ऐकायला मी रात्री उठलेच नव्हते. खूप वेळ तशीच पडून राहिले. बाबा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

तुम्ही मात्र जेवता ना वेळेवर?
विनिता

आंबिवली
२६ जानेवारी २०२६

विनिता बाय, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जेवतो. घर गप्प आहे, पण जीव निवांत आहे.

एक सांगतो. मागच्या उन्हाळ्यात रविवारी रस्त्यावर गाड्या कमी म्हणून निशाला घेऊन मीच ठाण्याला यायचो, तेव्हा बांबूंना पाणी मीच घालायचो. एकदा मनात आलं, हे जेवढे लवकर वाढतील तेवढी पोर लवकर जाईल. मग हातातली बादली ओतली आणि आणखी एक भरून आणली.

निशाला घट्ट धर. मला विसरू नका.
काळुराम