दोनशे चौदा सोडून

४ मार्च, सोमवार
बार्ब्रूच्या हँडबॅगेत नगरपालिकेची पोच सापडली. ‘आपले पत्र मिळाले. आवक क्रमांक २१४.’ तारीख ९ जानेवारी. ती गेली २० ला. पत्र कशाबद्दल, मला माहीत नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला न सांगता नगरपालिकेला कधी पत्र लिहिलेलं नाही. निदान माझ्या माहितीत.

काळजीचं कारण नाही. स्वीडनचा कायदा अडीचशे वर्षांचा आहे. सरकारी दप्तरातला कागद कुणीही मागावा. नाव सांगायचं नाही, कारण सांगायचं नाही, आणि त्यांनी विचारायचं नाही.

अडचण एकच. आवक रजिस्टरवर माइलिस बसते. चर्चच्या गाण्यात बार्ब्रूच्या शेजारी उभी राहायची. बायकोने काय लिहिलं ते नवऱ्याला ठाऊक नाही, हे तिला कळता कामा नये. तेव्हा निनावी जायचं. दहा मिनिटांचं काम.

५ मार्च, स. १०.१०
मासेमारीची लोकरी टोपी, काळा चष्मा. माइलिसने ओळखलं नाही. पुरावा: मला ‘तुम्ही’ म्हणाली. या गावात पाद्र्यालाही कुणी ‘तुम्ही’ म्हणत नाही. कोणता कागद हवाय महाशय, असं विचारलं. २१४ म्हणायला तोंड उघडलं आणि २११ म्हणालो. मुद्दामच. थेट मागितलं तर संशय येतो.

२११: तळ्यावरचा हंस एका बाईंच्या कुत्र्याकडे तुच्छतेने बघतो, नगरपालिकेने त्याला समज द्यावी. शेरा: समज देण्यात आली.

कॉफी मिळाली. बिनसाखरेची, मला लागते तशी. योगायोग.

७ मार्च
२१२ पाहिलं. बसथांब्याचं तोंड फिरवा, समोर मेहुणा राहतो. उद्या नक्की २१४.

गुरुवारी इथे घरोघरी वाटाण्याचं सूप असतं, म्हणून डबाबंद आणलं. डबा उघडायचं यंत्र बार्ब्रू कुठे ठेवायची कोण जाणे. बटाटे उकडले.

१२ मार्च
२१३, २१५, २१६. पद्धतशीर चाललंय. मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. आधी शीव ठरवायची, मग आत शिरायचं. शीव जवळजवळ ठरली.

माइलिस म्हणाली, टोपी बार्ब्रूनेच विणलीय. मी दचकलो. ती म्हणाली, घाबरू नका महाशय, मी विचारलं नाही, नुसतं म्हटलं. विचारायला बंदी आहे, म्हणायला नाही.
बहुधा बार्ब्रूने अशा पुष्कळ टोप्या विणल्या असतील.

१५ मार्च
पेपरात पान तीनवर बातमी: ‘अज्ञात तपासनीसाची नगरपालिकेवर करडी नजर’. दोनदा वाचली. लिखाण बरं आहे.

दुपारी उद्यान खात्याचा इंगेमार स्वतःच एक फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, तू कोण ते मला ठाऊक नाही तोरवाल्ड, पण हंसाला समज दिली तेव्हा मी रजेवर होतो. फाइल ठेवून गेला. फाइलमध्ये हंसाचा फोटो. चेहरा खरंच तुच्छतेचा.
नाव त्याने अंदाजाने घेतलं असावं.

२१ मार्च
संतापजनक प्रकार. कागद मागताना मी भरलेल्या चिठ्ठ्यासुद्धा सरकारी कागद होतात, आणि कुणीतरी त्या मागून वाचल्या! माणूस कोण, म्हणून माइलिसला चांगलं खडसावलं. ती म्हणाली, नाव विचारता येत नाही महाशय, कायदा आहे. मग म्हणाली, एवढंच सांगते, हंसाची फाइल काखेत होती, आणि मी रजेवर होतो असं सारखं म्हणत होता.
हा कायदा सुधारायला हवा.

२८ मार्च
आज चिठ्ठीवर २१४ लिहून टाकलं. खोकत पुढे सरकवली. माइलिस आतल्या खोलीत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

एक पान. बार्ब्रूचं अक्षर, शेवटच्या ‘ओ’ला नेहमीची शेपटी. ‘माझ्या नवऱ्याविषयी’ असं सुरू होतं आणि पुढच्या सगळ्या ओळींवर काळी पट्टी.

माइलिस म्हणाली, खासगी बाब आहे, परक्याला दाखवता येत नाही. त्या माणसाला स्वतःला दाखवता येते. तो माणूस कोण, हे मला विचारता येत नाही. तो आपण होऊन सांगू शकतो.
मी म्हणालो, माझी त्यांच्याशी थोडी ओळख आहे. निरोप देतो.

२ एप्रिल
टोपी काढली. चष्मा काढला. म्हणालो, मी तोरवाल्ड हेग्लुंड. बार्ब्रूचा नवरा. ती गेली.
हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं.
माइलिस म्हणाली, माहीत आहे रे. आणि सबंध फाइल पुढे ठेवली.

पत्र असं: ‘माझ्या नवऱ्याविषयी. माझ्यामागे आठवड्यातून एकदा कुणीतरी त्याच्याकडे डोकावून यावं. तो आपण होऊन काही मागायचा नाही. विचारलंत तर उत्तम आहे म्हणेल, त्यावर जाऊ नका. त्याला बटाट्यांपलीकडे काही येत नाही. मी हे लिहिल्याचं त्याला सांगू नका, मनाला लावून घेईल.’

खाली माइलिसच्या नोंदी.
‘५ मार्च. आपण होऊन आले. कॉफी घेतली. येत आहेत तोवर घरी जाण्याची गरज नाही.’
‘७ मार्च. आले. दाढी नाही.’
‘१२ मार्च. आले. दाढी केलेली. शर्टाचं बटण तुटलंय.’
‘१५ मार्च. हंसाच्या फोटोला हसले.’
‘२१ मार्च. रागावले. तब्येत सुधारते आहे.’

मला वाटत होतं, मी नगरपालिकेची तपासणी करतोय.

शेवटच्या नोंदीची शाई ओली होती. ‘२ एप्रिल, १०.४०. बोलले. प्रकरण बंद.’

३ एप्रिल
दहा वाजता कोट चढवला. मग लक्षात आलं, जायला कारण नाही.

सव्वा अकराला गेलोच. ‘प्रकरण बंद’ या निर्णयाविरुद्ध तीन आठवड्यांत अपील करता येतं, तो माझा हक्क आहे. कागद मागायला नाव आणि कारण लागत नाही, अपिलाला दोन्ही लागतं. नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात ‘कार्यपद्धतीतील त्रुटी’ लिहिलं. खोडलं. ‘हंसाची बाजू ऐकून घेतलेली नाही’ लिहिलं. तेही खोडलं. शेवटी उरलेल्या कोपऱ्यात लिहिलं: घरी कुणी नाही.

एवढ्या खाडाखोडीत माइलिसला अक्षर लागेना. मोठ्याने वाचून दाखवावं लागलं.