आईचे गाल

पूर्णा, मंगळवार, १७ जानेवारी १९८४

आज टॉकीजच्या पोस्टरचं काम नव्हतं, म्हणून आईचं चित्र काढायला बसलो. तिचा एकही फोटो नाही. आई काळी होती, गालाची हाडं वर आलेली. पण बारा वर्षं नट्या रंगवलेला हा हात! गालापाशी आला की गुलाबीच उचलतो. तीनदा पुसलं, तीनदा तेच.

संध्याकाळी पिंगळीहून अक्का आली. निदान थोरली बहीण तरी ओळखील म्हणून चित्र पुढं ठेवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "लय चांगली काढलीस रे. कोणत्या शिनेमातली हाय ही?"

चित्र उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवलं.

मघाशी डोळे मिटून आईला आठवायला गेलो. तिथंही आता गाल गुलाबीच दिसायलेत.