जांभळ्या गारेचं टोक

इंदापूर
रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

चि. समाधान यास,
अक्काचा सप्रेम जयभीम.

तुम्ही तिघंही बरे असाल असं धरून चालते. माझं बरं आहे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. अक्षर पुन्हा सरळ येऊ लागलं, ते तुला दिसतंच आहे. शाळेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, पण रागवायची सवय गेली नाही, म्हणून शेजारच्या गोजरबाईंच्या नातींना पाढे शिकवते. त्या मला घाबरतात आणि रोज येतात.

तेजश्रीच्या लग्नाची पत्रिका मंगळवारी मिळाली. छपाई नीटनेटकी आहे. निमंत्रकांत माझं नाव पहिलं आहे, तुझ्याही वर. पत्रिका उलटून पाहिली, पाकीट झटकून पाहिलं. हातानं लिहिलेली एकही ओळ नव्हती. पाच वर्षांत आपण एकमेकांना अक्षर लिहिलेलं नाही, तेव्हा ती नसणारच. पण मग माझं नाव रीत म्हणून घातलं, की मी यावं म्हणून, हे मला कळेना. तुला तसं विचारायला बसले आणि लक्षात आलं की त्याआधी मलाच काही सांगायचं आहे. पत्र लांबणार आहे. जेवून मग वाच.

आधी खड्यांबद्दल लिहिते. ते मला सोपं जातं.

आबांची पेटी या आठवड्यात पुसायला काढली. सुरुंगाच्या कांड्या ज्यातून यायच्या तो लाकडी खोका, आबांनी आत पट्ट्या ठोकून कप्पे केलेला. अकरा खडे, अकरा चिठ्ठ्या. गाव, खोली, साल. खोली मी आबांच्याच मापानं लिहिली आहे, परसांत. उभा माणूस हात वर करील तेवढा एक परस. कॉलेजात फुटांत लिहायला शिकवलं होतं, पण विहिरीत फूट कुणी मोजत नव्हतं.

कऱ्हाटीच्या विहिरीतला पांढऱ्या सुयांचा गोळा अजून जसाच्या तसा आहे. फुंकर मारली तरी मोडेल असं वाटतं, आणि हा माणूस तो बारा कोस चालत धोतराच्या सोग्यात घेऊन आला, एक सुई न मोडता. ज्या हातात दिवसभर पहार, त्या हातात एवढा हलकेपणा कुठून आला असेल, याचं मला आज साठीला टेकतानाही नवल वाटतं. वडगाव निंबाळकरचा हिरवट खडा मात्र माझा सगळ्यात लाडका. चौकोनी, टोकाला जरासा निमुळता, आणि आत बघितलं तर सावलीतल्या पाण्यासारखा. पुण्याला कॉलेजात असताना तो मी आमच्या प्राध्यापकांना दाखवला होता. त्यांनी भिंगाखाली बराच वेळ धरला आणि कुठून आणला म्हणून विचारलं. तोवर वडिलांबद्दल कुणी विचारलं की मी 'मजुरी करतात' एवढंच सांगत असे. त्या दिवशी मी म्हणाले, माझ्या वडिलांनी सात परसांवरून काढला. वर्गातल्या मुली वळून बघायला लागल्या. तेव्हापासून मी मान खाली घालून चालायचं सोडलं. लोक मला ताठ म्हणतात. त्याची सुरुवात त्या खड्यापासून आहे.

सुरुंगाचा बार उडाला, धूर बसला, की आबा सगळ्यांत आधी खाली उतरत, हे तुला माहीत आहे. काळ्या फत्तरात पोकळी फुटलेली असली तर ती ते ओल्या फडक्यानं पुसून बघत. पाणी लागलं की विहिरीचा मालक वरून नारळ आणि पागोटं टाकी, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पाण्याला आबांनी शिवायचं नाही. मी नववीत असताना त्यांना चिडून विचारलं होतं, की जिथं तुम्हाला घोटभर पाणी मिळत नाही तिथले दगड कशाला वाहून आणता. ते हसले. म्हणाले, "पानी त्यांचं आसंल, विजू. पर ह्यो खडा उजेडात पयल्यांदा म्या बघितला. ह्याला अजून इटाळ ठावं न्हाय."

या वाक्यावर मी चौतीस वर्षं शाळा चालवली.

छप्पन साली आबा दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी मनगटावरचा गंडा तोडला आणि चालू विहिरीच्या मुरमात पुरला. तू सात वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. मला आठवतं. म्हणून तुझ्या घराच्या वास्तूला, ब्याण्णवच्या मे महिन्यात, तुझ्या मधल्या बोटात जांभळा खडा दिसला तेव्हा मी जे बोलले ते बोलले. मधल्या बोटात जांभळा खडा लोक शनीसाठी घालतात, ज्योतिषी सांगतो म्हणून. बुद्धवंदना नुकतीच झाली होती, बाहेर पंगत बसत होती. तू मला पाणी द्यायला पुढे आलास. मी तांब्या घेतला नाही. साठ-सत्तर माणसांसमोर तुला विचारलं की कुठल्या ज्योतिषानं शनी उतरवून दिला, आणि म्हणाले की आबांनी गंडा मातीत पुरला आणि तू खड्याची अंगठी घालून उभा आहेस. तुझ्या वीज मंडळातलं कुणीतरी मागे हसलं. आई भिंतीला टेकून बसली होती, ती तुझ्याकडे बघत राहिली.

तू अंगठी काढलीस, खिशात टाकलीस आणि म्हणालास, "बरं, अक्का."

प्रियदर्शनी, आपल्या घरची सून, फाटकापर्यंत आली, जेवून तरी जा म्हणाली. मी पाचची एसटी पकडली. पाच वर्षं सगळ्यांना सांगत आले की तो तत्त्वाचा प्रश्न होता. पंचाण्णवला आई गेली तेव्हा आपण दोघं एका चटईवर बसलो आणि बोललो नाही. तुझं बोट मोकळं होतं. ते बघून मला त्या दिवशीही बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

आता गेल्या गुरुवारची गोष्ट.

बिरूतात्या डोळे तपासायला इंदापूरला आले होते. आबांबरोबर वीस वर्षं पहार धरलेला माणूस, आता काठीनं चालतो. माझ्याकडे चहाला थांबले. पेटी उघडी होती. म्हातारा एकेका खड्यावरून बोट फिरवत विहिरीचं नाव सांगायला लागला, चिठ्ठी न वाचता. त्यांना वाचता येत नाही. अकराच्या अकरा बरोबर. माझ्या एकाही विद्यार्थ्याला हे जमलं नसतं. सातव्या खड्याशी येऊन थांबले. सणसर, सन साठ, जांभळ्या स्फटिकी गारेची तळहाताएवढी खापरी, मधलं सगळ्यांत उंच टोक तुटलेलं.

"ह्याचं टोक समाधाननं अंगठीत घातलंय नव्हं?" ते म्हणाले. "परवा इचारलं, आंगठी कुटं गेली रं? तर म्हंतो, अक्काला आवडत न्हाय, तात्या."

मी चहाची कपबशी खाली ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते तुला माहीत आहे. ते मला माहीत नव्हतं, एवढाच फरक. तरी लिहिते, म्हणजे मला कळलं हे तुला कळेल.

तू अकरा वर्षांचा होतास. शाळा बुडवून सणसरला गेला होतास आणि विहिरीच्या कडेला उभा राहून 'बार हाय, बार हाय' म्हणून वाटेवरच्या माणसांना ओरडून थांबवायचं काम करत होतास. त्या दिवशी तीन बार भरले होते, दोनच उडाले. आबांनी वाट पाहिली, मग तिसरा फुसका गेला म्हणून बघायला खाली निघाले. तू त्यांच्या पायाला मिठी मारलीस. त्यांनी शिव्या दिल्या, पाठीत धपाटा घातला, तू सोडेनास. बिरूतात्या म्हणाले, "पोरगं ढेकळावानी पायाला चिकाटलं हुतं. आमी हसत हुतो गं बाई." तेवढ्यात तिसरा बार उडाला. धूर बसल्यावर आबा खाली गेले, तर त्याच बारानं पोकळी फुटून ही जांभळी गार उघडी पडली होती.

आबांनी छिन्नीनं मधलं टोक काढून तुझ्या मुठीत दिलं आणि दोघांकडून वचन घेतलं, तुझ्याकडून आणि बिरूतात्यांकडून. घरी बोलायचं नाही. रंगुबाईला, आपल्या आईला, कळलं तर ती विहिरीचं काम सोडायला लावील. "आन काम सुटलं तर विजूचं कॉलेज सुटंल." माझं शेवटचं वर्ष होतं.

तर माझी पदवी तुझ्या त्या मिठीवर उभी आहे, आणि सदतीस वर्षं तू गप्प बसलेला आहेस. वास्तूच्या दिवशीही गप्प बसलास, कारण आई समोर होती. वचन देऊन बत्तीस वर्षं झाली होती, वचन घेणारा हयात नव्हता, भर पंगतीत बहीण तोंड सोडत होती, आणि तू 'बरं, अक्का' म्हणून अंगठी खिशात टाकलीस. मी आयुष्यभर मुलांना धैर्य म्हणजे काय ते फळ्यावर लिहून समजावलं. ते माझ्याच घरात सातवी नापास होऊन विजेच्या खांबावर चढत होतं आणि मला ओळखता आलं नाही.

इथे पत्र संपवता आलं असतं. मला माहीत नव्हतं, आता कळलं, माफ कर, असं लिहून. काल तसंच लिहिलं होतं. तो कागद फाडला, कारण ते खोटं होतं.

मला माहीत होतं, समाधान. मिठीचं नाही, खड्याचं.

सातव्या खड्याच्या चिठ्ठीवर माझ्या अक्षरात आहे, 'टोक सुरुंगात उडाले.' आबांनी सांगितलं तसं लिहिलं. पण मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते. सुरुंगानं उडालेलं टोक कसं तुटतं आणि छिन्नीनं काढलेलं कसं, एवढं मला तेव्हाही दिसत होतं. आबा माझ्याशी खोटं बोलले आणि ते टोक दुसऱ्या कुणाला दिलं, हे मी साठ सालापासून मनात धरून होते. त्या गारेत एक पांढरी रेघ तिरकी जाते, दोऱ्यासारखी. तू तांब्या पुढे केलास तेव्हा तुझ्या बोटातल्या चिंचोक्याएवढ्या खड्यात तीच रेघ, तशीच तिरकी, मी पाहिली. कुठल्या ज्योतिषानं दिला हे विचारताना मला पक्कं ठाऊक होतं की तो आबांनी दिला आहे.

सगळे खडे आबा माझ्यासाठी आणत. निदान मी तसं धरलं होतं. शिकलेली मी, चिठ्ठ्या लिहिणारी मी. त्यातला सगळ्यांत सुंदर त्यांनी तुला दिला आणि माझ्यापासून लपवला, हे मला सहन झालं नाही. ते तोंडानं बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून मी दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा मध्ये आणल्या. तुझ्यावर अन्याय केला तो केलाच. आबांच्या दीक्षेचा उपयोग मी माझा मत्सर झाकायला केला. यात दुसरा अपराध मोठा की पहिला, हे मला ठरवता आलेलं नाही.

हे कुणालाही सांगितलेलं नाही. तुला वाटलं तर प्रियदर्शनीला वाचून दाखव. तिला फाटकातून तशीच परतवली मी. तिचाही हक्क आहे.

आता लग्नाचं. मी तीस तारखेला सकाळच्या पहिल्या गाडीनं बारामतीला येणार आहे. तू बोलावलं आहेस की नाही हे आता विचारत नाही. पोरीचं लग्न आहे, आत्यानं यायला हवं. फक्त कुठे बसायचं ते तू ठरव. त्या दिवशी ती अंगठी बोटात घाल. दिसली तर मी पुढे येऊन तुझ्या हातून तांब्याभर पाणी पिईन, त्या साठ-सत्तर माणसांतले जे कुणी आलेले असतील त्यांच्यासमोर, आणि अंगठी कुणाची ते मोठ्यानं सांगेन. माझा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. नाही दिसली तर मागे पाहुण्यांत बसेन, अक्षता टाकीन, पंगतीला जेवेन आणि पाचच्या गाडीनं परतेन. त्यात तुझा दोष असणार नाही.

कोणत्याही बाजूला बसले तरी सातवा कप्पा रिकामा करून येणार आहे. ती खापरी तेजश्रीला द्यायची आहे. टोक आणि बूड इतकी वर्षं दोन गावांत राहिली, आता एका घरात येऊ देत. जुनी चिठ्ठी मी काढून टाकली. नवी आज सकाळी लिहिली, तीच तुला आधी वाचायला मिळावी म्हणून इथे उतरवते:

'जांभळी गार. सणसर. सहा परस. सन १९६०. ज्ञानू (आबा) यांनी काढली. टोक समाधानचं, त्यानं कमावलेलं.'

चूक असेल तर लाल शाईनं दुरुस्त कर.

ज्या तांब्यातलं पाणी मी त्या दिवशी नाकारलं, त्यासाठी अजून तहानलेली,
तुझी अक्का
विजयमाला