गुजरी हलणार नाही!

९ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

आजपासून रोजनिशी. इतिहास घडणार आहे, तेव्हा तो घडवणाऱ्यानेच टिपून ठेवलेला बरा.

गुजरीच्या गेटवर नगरपालिकेची नोटीस लागली. वरून नवीन धोरण आलंय म्हणे. गावातला भाजीबाजार उठवून बायपासच्या पलीकडे, भगवंतशेठच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगला लागून नेणार. गुजरीच्या जागेवर तीन मजली व्यापारी संकुल. बांधणार कोण, तर भगवंतशेठ. धोरणाचं नाव ‘लोकसहभागातून बाजार विकास’. लोक म्हणजे भगवंतशेठ आणि सहभागही त्यांचाच.

गुजरीत आमचा ओटा क्रमांक सतरा. आधी आई बसायची, गेली अठरा वर्षं माझी बायको ललिता बसते. वाडीतली मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. गिऱ्हाईक सगळं पायी येणारं, पिशवी हलवत येणारं. एका जुडी सांभारासाठी बायपास ओलांडून कोण जाईल? आमचं घर त्या ओट्यावर चालतं. पहाटे हर्रासाला, म्हणजे भाजीच्या लिलावाला, ललिताच जाते, कारण मला सकाळी चिंतन लागतं. घरातला माझा वाटा वैचारिक आहे.

हरकती १५ मार्चपर्यंत द्यायच्या. गुजरीत निवेदन लिहू शकणारा माणूस एकच. बी.ए. पार्ट टू.

संकल्प: गुजरी हलू द्यायची नाही. भगवंतशेठच्या घरचा चहा घ्यायचा नाही. रोज पाचला उठायचं.

१० फेब्रुवारी

सव्वाआठला उठलो. लढ्याच्या काळात झोप महत्त्वाची.

निवेदन लिहिलं, चार पानी. ‘उपरोक्त विषयान्वये’ तीनदा आलंय. शेजारच्या ओट्यावर पत्ताकोबी विकणारा देवानंद म्हणाला, भाऊ, दोनच ओळी लिवा ना, आमी हलत नाई म्हना. याला ड्राफ्टिंग कळत नाही.

पालिकेत आवक टेबलावरच्या पुंजारामबाबूंनी शिक्का मारून पोच दिली. शिक्का गोल, जांभळा, ठळक. त्यांनी वाचलं काहीच नाही, पण शिक्का मारताना हात जरासा थांबला. परिणाम झालेला दिसतो.

ललितानं विचारलं, काय झालं? म्हटलं, पोच मिळाली. ती म्हणाली, मंग वाचली का गुजरी? तिला प्रक्रिया समजावून सांगायला लागलो तर ती मेथी निवडायला बसली.

१४ फेब्रुवारी

शिष्टमंडळ घेऊन अमरावती. मोठं ऑफिस. शिष्टमंडळात मी, देवानंद आणि लिंबं-मिरच्यावाली रुख्मिणीबाई. साहेब दौऱ्यावर. कुठे, विचारलं. शिपाई म्हणाला, तुमच्याच गावाले गेले, बाजाराची नवी जागा पाहाले.

म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच आमची दखल घेतली गेली होती.

पोच घेतली. एस.टी.त रुख्मिणीबाई म्हणाली, सायेब तिकडं अन् आपन इकडं काय करून राह्यलो बाप्पा? मी बडनेरा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं.

१६ फेब्रुवारी

पेपरात शिष्टमंडळाचा फोटो आला. शिपाई पूर्ण आलाय. मी कोपरापर्यंत. पण ओळखणारा कोपरावरूनही ओळखतो.

२२ फेब्रुवारी, दुपार

स्ट्रॅटेजी बदलली. आता प्रत्येक ओट्याच्या नावाने वेगळी हरकत. एकतीस झाल्या, सगळ्या माझ्या हातच्या. ओटा सतराची हरकत ललिताच्या नावाने. तिने सही केली, मग निवेदन दोनदा वाचलं आणि विचारलं, यात गिऱ्हाईकाचं काईच नाई लिवलं? म्हटलं, तो मुद्दा शेवटच्या परिच्छेदात ध्वनित होतो.

हाताला गोळे आले आहेत. पुंजारामबाबूंनी एकतीस शिक्के मारले तेव्हा त्यांच्याही हाताला आले असावेत. सरकारी यंत्रणा हादरवणं म्हणजे हेच.

मोठा निर्णय: २६ तारखेला पालिकेसमोर आमरण उपोषण. त्या दिवशी महाशिवरात्र. तसाही उपास असतोच, तेव्हा एकाच उपासात धर्म आणि आंदोलन दोन्ही होईल. हे सुचायला डोकं लागतं.

२६ फेब्रुवारी, सकाळी १०

मंडप टाकला. सतरंजी अंथरली. घोषणा दिल्या.

सकाळी ११.३०

पालिकेचं गेट अजून उघडलं नाही. अधिकारी घाबरून आत बसले असावेत.

दुपारी १२.१०

देवानंदनं लक्षात आणून दिलं की आज सरकारी सुट्टी आहे. आत फक्त चौकीदार, त्याचाही उपास. तो बाहेर येऊन आमच्यासोबत बसला, तेव्हा निदान एक कर्मचारी तरी आंदोलनात सामील झाला.

दुपारी १.४५

ऊन वाढलं. आमरण शब्दाचा अर्थ इतका शब्दशः घ्यायचा नसतो. उपोषण लाक्षणिक जाहीर केलं. ललितानं घरून साबुदाण्याची उसळ आणि भगर पाठवली होती. महाशिवरात्रीला ती चालते.

२८ फेब्रुवारी

अशक्तपणा. लिहिलं नाही.

४ मार्च, संध्याकाळी ६

भगवंतशेठनी गाडी पाठवली. न जाणं भ्याडपणाचं दिसलं असतं.

बंगल्यात गेलो. हॉल आमच्या अख्ख्या गुजरीएवढा. चहा आला. स्पष्ट नाही म्हटलं. मग कॉफी आली. कॉफीबद्दल संकल्पात काही नव्हतं.

शेठ फार हळू बोलतात. म्हणाले, ओमप्रकाशजी, आपके निवेदन पढे. सगळे पढे. ऐसी भाषा आजकल कौन लिखता है! बाहेरून ओरडून काय होते भाऊ, तुमच्यासारख्यानं आत पाहिजे. तक्रारींवर एक समिती बनून राहिली, तिच्यात लोकांकडून एक अशासकीय सदस्य लागतो. वरती माझा शब्द चालतो.

‘सगळे पढे.’ आजवर कोणी सगळे वाचले नव्हते. घरीसुद्धा नाही. माझे डोळे भरून आले, कॉफी गरम होती.

अर्थात मी विकला जाणारा माणूस नाही. विचार करून सांगतो म्हटलं आणि लगेच हो म्हटलं.

८ मार्च

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. हार गुजरीतलाच, त्यामुळे एका अर्थी हा गुजरीचाच सत्कार. गेटवर फ्लेक्स लागला: ‘गुजरी स्थलांतर तक्रार निवारण समितीच्या अशासकीय सदस्यपदी मा. ओमप्रकाशभाऊ यांची निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ वर भगवंतशेठ मोठे, खाली मी. शुभेच्छुक: समस्त भाजीविक्रेते. समस्तांना विचारलं नव्हतं, पण ते धरलेलंच असतं.

फ्लेक्सने नोटीस पूर्ण झाकली गेली. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ललिता सत्काराला आली नाही. संध्याकाळी म्हणाली, तुमी कोनाच्या बाजूनं हाय ते मले एकदा सांगून टाका. मी म्हटलं, आतून लढतोय. ती म्हणाली, आतून म्हंजे कुठून? आई खाटेवरून म्हणाली, पोट्टा लहानपनापासून आतच बसते, बाहेर कामाले कधी गेलता? दोघी हसल्या. मी शाल घडी करून ठेवली.

१२ मार्च

समितीचा पहिला दिवस. टेबल मिळालं. खुर्ची फिरती. पुंजारामबाबू स्वतः उठून उभे राहिले आणि मला साहेब म्हणाले. त्यांनी लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा आणून ठेवला. अडतीस हरकती. त्यातल्या एकतीस माझ्याच. दुसऱ्याच्या टेबलावरून पाहिल्यावर त्या जरा लांबलेल्या वाटल्या. ‘उपरोक्त विषयान्वये’ तीनदा कशाला?

पुंजारामबाबूंनी समजावलं: प्रत्येक हरकतीवर शेरा मारायचा, मान्य किंवा निकाली, म्हणजे फाईल बंद. अध्यक्षसाहेबांना सगळं महिनाअखेर संपवून पाहिजे.

संकल्प: सगळ्यांवर ‘मान्य’ लिहायचं. घरी कोऱ्या कागदावर सराव केला. माझा ‘मा’ फार सुंदर येतो.

१५ मार्च

देवानंद आला. हरकत मागे घ्यायला. शेठचा माणूस प्रत्येक ओट्यावर फिरून गेला होता: हरकत मागे घेणाऱ्याला नव्या बाजारात रस्त्यालगतची पुढची रांग, बाकीच्यांना मागची, जिनिंगच्या भिंतीला टेकलेली.

मी त्याला गद्दार म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, भाऊ, मले दोन पोरी हाय, मी पुढचा ओटा घेतो, तुमी इतिहास घ्या. मग विचारलं, शिक्का तुमीच मारान का? नियमाप्रमाणे मलाच मारावा लागला. रुख्मिणीबाईही येऊन गेली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी ललितानं विचारलं, आपलीबी मागं घेऊ का? सगळे घेऊन राह्यले. म्हटलं, अजिबात नाही. मी आत आहे ना! ओटा सतरावर मी स्वतः मान्य लिहिणार, सदस्य म्हणून. ती म्हणाली, पक्कं ना? तुमच्या भरवशावर राह्यतो मंग.

अठरा वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या भरवशावर राहिली आहे. छाती भरून आली. जेवण गेलं नाही.

१९ मार्च, दुपारी ४

बैठक. अध्यक्षसाहेब, दोन अधिकारी, मी. पाहुणे म्हणून भगवंतशेठ. ते फक्त बसले होते, कोपऱ्यात, मोबाईल बघत.

शेवटी एकच हरकत उरली. ओटा क्रमांक सतरा, अर्जदार ललिता. अध्यक्ष म्हणाले, हिच्यावर सदस्यसाहेबांनीच शेरा मारावा, लोकांचे प्रतिनिधी आहेत. पेन हातात घेतलं. ‘मा’ काढणार तेवढ्यात शेठनी मोबाईलमधून डोकं वर काढलं. हसले. तेच ते सगळं वाचणारं हसू. खोलीतला पंखा अचानक फार मोठ्याने वाजतोय असं वाटलं. दाराकडे पाहिलं, तिथे पुंजारामबाबू उभे. तिथून उठून जावं, गुजरीत जाऊन वांग्यांच्या ढिगामागे बसावं, असं खरंच वाटलं. पण फिरत्या खुर्चीतून एकदम उठता येत नाही, आधी ती सरळ करावी लागते.

मी लिहिलं: ‘सहानुभूतीपूर्वक विचार करून निकाली.’

‘सहानुभूतीपूर्वक’ माझा शब्द आहे. बाकी कुणाला सुचला नसता. मान्य लिहिलं असतं तर त्यांनी मला समितीतून काढलं असतं, आणि मग गुजरीसाठी आतून लढणारं कोण राहिलं असतं?

१९ मार्च, संध्याकाळी ७

ललितानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बहुतेक तिला माहीत आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

नवीन बाजाराचं उद्घाटन. मी स्टेजवर, दुसऱ्या रांगेत. देवानंद पुढच्या रांगेत, ओटा चार. ललिता मागे, जिनिंगच्या भिंतीला टेकून. ओटा एकशे नव्वद. हरकत मागेही घेतली नाही आणि मान्यही झाली नाही अशी अख्ख्या बाजारात ती एकटीच निघाली. भाषणात माझा उल्लेख आला, नाव मात्र जयप्रकाश असं वाचलं गेलं.

८ एप्रिल

मागच्या रांगेपर्यंत गिऱ्हाईक पोचत नाही. उन्हानं सांभार दहा वाजेपर्यंत मान टाकतो. ललिता भरलेली टोपली घेऊन जाते, भरलेलीच घेऊन येते. उरलेल्या मेथीची भाजी चार दिवस सलग आहे. मला मेथी आवडते असं सांगितलं. ललिता आता फार कमी बोलते.

जुन्या गुजरीवर पत्रे मारले. आतून मशीनचा आवाज येतो. मी त्या रस्त्याने ऑफिसला जात नाही, लांबून जातो, चालणं प्रकृतीला चांगलं.

समिती सोडावी असं रोज ठरवतो. पण सोडली तर कशासाठी धरली होती ते सांगावं लागेल.

१६ एप्रिल, दुपारी १२

आज टेबलापुढे पाच जण रांगेत होते. चौथी ललिता. हिरवं लुगडं, हातात कागद. मी पुंजारामबाबूंकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर पाहू लागले.

तिचा नंबर आला. हळूच म्हटलं, घरी बोलू. ती सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, घरी दोन महिने बोलली ना सायेब, घरी पोच भेटत नाई.

कागद तिने टेबलावर ठेवला. दोनच ओळी, तिच्या स्वतःच्या अक्षरात: ‘माझा सतरा नंबरचा ओटा कोणाच्या सहीने गेला ते मले लेखी कळावे.’

मागचा माणूस म्हणाला, लवकर करा ना. शिक्का मारला. पोच दिली. तिने शिक्का वाळेपर्यंत फुंकर मारली, कागदाची घडी केली, पिशवीत टाकली आणि गेली. मागे वळून पाहिलं नाही.

अर्ज माझ्यासमोर आहे. लेखी उत्तर सात दिवसांत द्यावं लागतं. आजचा दिवस त्यात धरायचा की उद्यापासून मोजायचं, ते पुंजारामबाबूंना विचारतो.