केसाएवढा फरक

ती. आईस पारसचा इतक्या लांबून जय जिनेंद्र.

कोल्हापुरात मी सुखरूप आहे. फक्त स्टाफरूममधल्या माझ्या खुर्चीची उशी कोणीतरी पळवली. एवढा अन्याय सोसूनही बीपी ठीक होतं, सोमवारपर्यंत. तुझा गुडघा कसा आहे?

सोमवारी बीएस्सीच्या प्रोजेक्टच्या परीक्षेला आमच्या विभागप्रमुखांसोबत मी परीक्षक होतो. कबनूरच्या शिवानीने कॉम्प्युटरवर एका लंबकाखाली दुसरा लंबक टांगला होता. अशा दोन जोड्या, एक तांबडी, एक निळी, तिने एकदम सोडल्या. थोडा वेळ त्या जुळ्या बहिणींसारख्या हलल्या, मग पडद्यावर दोन रंगांच्या निरनिराळ्या वेड्यावाकड्या रेघा. काय सुंदर दिसत होतं!

"प्रोग्रॅम चुकलाय," साहेब गरजले. "एका जागेवरनं सोडलं तर वाटा दोन कशा?"

"एका जागेवरनं न्हाई की सर! सुरुवातीला केसाएवढा फरक ठेवलाय. त्योच वाढत जातोय, ते तर दाखवायचं हाय."

"मला शिकवतीस व्हय?" म्हणत त्या विद्वानाने तिला नापास केलं. म्हणजे तिचा एमएस्सीचा प्रवेश बुडाला. आणि आई, जेवायला उशीर होतोय म्हणून त्या कागदावर दुसरी सही मी ठोकली. त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

आज परीक्षा विभागात जाऊन लिहून दिलं, 'प्रोग्रॅम बरोबर आहे, परीक्षक चुकले. माझी सही मागे घेतो.' आता फेरतपासणी होईल. साहेबांनी बोलणं टाकलंय, तेवढीच शांतता.

शिवानीला यातलं काही ठाऊक नाही. तूही कुणाला सांगू नकोस.

तुझा,
पारस