नसेतला विस्तव

१९ जानेवारी २०२६, सोमवार

उद्या घरात भात नाही! धानाच्या मुलखात जन्म गेला, असा दिवस पाहिला नव्हता.

परवा नागपुरात यांच्या हृदयाचा स्कॅन. डॉक्टरांनी दिलेला कागद तीनदा वाचला. शाळेत गेले नाही, आमच्या अमरच्या पुस्तकांवर बोट फिरवत शिकले — आज कामी आलं. उद्या भात, पोळी, साखर, गूळ, फळं सगळं बंद. अंडी, मटण, तूप चालेल. रात्री सातनंतर नुसतं पाणी.

का, ते डॉक्टरांनी नीट सांगितलं. यांच्या हृदयाच्या नसेत चरबीचा थर बसलाय. नस पस्तीस टक्केच अडली आहे, तेवढ्यानं भ्यायचं नसतं. पण थराला आतून सूज असली, राखेखाली विस्तव असावा तशी, तर तो एकाएकी फुटतो. म्हणून सुईतून किरणांची साखर देतात. सूज असेल तिथं ती जमते, फोटोत चमकते. पण भात खाल्ला की हृदयाचं मांसच साखर ओढून घेतं! मग सगळंच चमकतं, सूज लपून जाते.

कैलाशभाऊजींनाही पस्तीसच सांगितले होते. यांचा धाकटा भाऊ. पोळ्याच्या दिवशी बैल धुता धुता गेले. तेव्हापासून यांचा हात सारखा छातीवर.

२० जानेवारी

सकाळी चार अंडी. दुपारी मटण — सोबत काही नाही. "हे काय जेवण होय वो अमरची माय? अर्धाच जेवलो असं वाटून राहिलं."

शेजारची शकुनबाई दारातून म्हणते, "मटण खाऊन उपास! असा उपास मले बी सांगा ना, मारोतराव!" हेही हसले. पण हसतानाही एक हात छातीवरच होता. पाहिला मी.

२१ जानेवारी

चुकलं माझं. फार चुकलं!

पहाटे निघायचं होतं. उपाशी माणूस दिवसभर कसा काढेल? थर्मासात पेज भरून घेतली. भात कुठे आहे, भाताचं पाणीच ते — अशी मनाची समजूत घातली. मोहाडीहून एसटीनं निघालो, नागपूरची गाडी धरायला भंडाऱ्याला उतरलो. स्टँडवर थर्मास यांच्या हाती दिला आणि मी बायकांच्या संडासाकडे गेले. रांग होती. परत आले तर थर्मास रिकामा. बरं वाटलं मला!

स्कॅन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पूर्ण हृदय चमकतंय. नसेतलं काहीच कळत नाही. काही खाल्लं होतं का?"

"नाही जी." हे खाली पाहून म्हणाले. मला वाचवलं बिचाऱ्यांनी. आणि मी? मीही मान हलवली!

डॉक्टर म्हणाले, "मग यांच्या शरीराचीच तशी ठेवण असेल. मनगटातून तार घालून नस आतून बघावी लागेल. सोमवारी दाखल व्हा."

२२ जानेवारी

भात शिजवला. माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

२३ जानेवारी

अमरचा फोन. "माय, तारेत धोका थोडाच असते, पण सही तर द्या लागते." त्याला पेजेचं सांगणारच होते. "बरं," म्हणून फोन ठेवला! हे अंगणात येरझाऱ्या घालतात. विचारलं, "भेव वाटते का?"

"कायले?" म्हणाले. आणि पुन्हा येरझाऱ्या.

२४ जानेवारी

सोमवार परवावर आला. सकाळीच डॉक्टरांना फोन लावला. "साहेब, मी पेज दिली होती. खोटं बोलले."

ओरडले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, आजी. मग तार नको. शुक्रवारी पुन्हा स्कॅन करू."

आता यांना सांगायचं. तेच अवघड.

२५ जानेवारी

सांगितलं. यांनी येरझाऱ्या थांबवल्या. मग म्हणाले, "तुयी पेज मी झाडाले घातली, वो. तू रांगेत होती तवा पाव किलो जिलेबी खाल्ली. मुद्दाम. कैलाशवानी निघालं असतं तं... मले पाहाचंच नव्हतं."

शुक्रवारचं विचारायला तोंड उघडलं, तर आधीच बोलले, "येतो. पण स्टँडवर मले एकट्याले सोडू नको."