साहेबांशिवाय जाळी

४ फेब्रुवारी, मंगळवार
परवा इथे लिहिलं की तपासणी रद्द झाली. चूक. आज नव्या सरकारचं परिपत्रक पुन्हा सावकाश वाचलं. रद्द झालंय ते तपासणीच्या साहेबांचं येणं. नियम तसेच आहेत; ते आपण पाळतो असं आता आपणच लिहून द्यायचं. स्वयंघोषणा, ३१ मार्चच्या आत. आमच्या मसाला कुटायच्या डंखाचा परवाना गेल्या वर्षी आप्पांनी लेकीच्या, म्हणजे माझ्या नावावर केला, तेव्हा सही माझी.
आणि परवा त्या चुकीच्या वाचनावर मी पेढे आणले! आप्पांनी ते शेजारच्या दिगूकाकांच्या डंखावरसुद्धा वाटले. आता कुणाला काय सांगू?

७ फेब्रुवारी, शुक्रवार
साहेब यायचे तेव्हाचा आमचा ठरलेला क्रम. आदल्या दिवशी कुठून तरी कुणकुण लागायची. आप्पा माळ्यावरून लोखंडी जाळी उतरवायचे, डंखासमोर बसवायचे. साहेब बघायचे, चहा प्यायचे, शेरा लिहायचे. गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले की जाळी पुन्हा माळ्यावर. लहान असताना मला वाटायचं, ती साहेबांसाठीच असते. पाहुण्यांच्या कपबशांसारखी.
घोषणेत छापील वाक्य आहे: यंत्राचे हलते भाग कायम आवरणात असतात. ‘कायम’ इथे माझी नजर अडकते.
आप्पांना वाचून दाखवलं. म्हणाले, “सायबच येवचो नाय, मगे जाळी कोणाक दाखवतलंस?”
“दाखवायची नाही आप्पा, लावायची.”
“लाव. आणि गिऱ्हाईक दिगूकडे धाडून दे. तेका सांग, माझ्या चेडवान धाडल्यान.”

१० फेब्रुवारी, सोमवार
डंख सोमवारचा बंद. दादरला सीएबाईंकडे गेले. मनातली भीती त्यांनी एका वाक्यात मांडली: “पूर्वी कमीजास्त असलं तर ते साहेबांच्या शेऱ्याखाली झाकलं जायचं. आता ते तुझ्या सहीखाली असेल.” अपघात झाला तर पहिला कागद तोच निघणार.
हेही लिहायला हवं, नाहीतर पुन्हा अर्धवट होईल: सवलत खोटी नाही. नूतनीकरणासाठी आप्पा दरवर्षी रांगेत उभे राहायचे, ‘उद्या या’ ऐकून परत यायचे. ते संपलं. आता घरी बसून मोबाइलवर होईल. मला त्याचा आनंद आहे. भीतीही आहे. दोन्ही एकाच कागदाची.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आज आमच्या डंखावर कुटणाऱ्या शालनमावशींकडे नीट बघितलं. इतकी वर्षं समोर आहेत, बघितलं नव्हतं. लोखंडी मुसळं वर गेली की त्या उखळात हात घालून कडेची मिरची मध्ये लोटतात, मुसळं खाली यायच्या आत हात बाहेर. तोंडाने गिऱ्हाइकाला “धणे जरा जास्त भाजलेस गो” चालूच. मी मान वळवली.
साहेब यायचे त्या एका दिवशी तरी हा हात बाहेर असायचा. यंदापासून तोही दिवस नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आप्पा बँकेत गेले होते तेवढ्यात जाळी लावली.
फणसवाडीच्या काकू आल्या, दरवर्षीच्या. स्टुलावर बसल्या, वाकून बघितलं, पुन्हा उठल्या.
“अगं, आत काय चाललंय ते दिसतच नाही.”
“तुमचीच मिरची आहे काकू.”
“तुझ्यावर विश्वास आहे गं. पण समोर बसून कुटून घ्यायचा म्हणून तर गिरगावातून लालबागला येते ना मी? नाहीतर पाकीट काय वाईट?”
पिशवी उचलून दिगूकाकांकडे गेल्या. तेवढ्यात आप्पा आले. सगळं दिसलं त्यांना.
जाळी मीच काढली.

२० फेब्रुवारी, गुरुवार
वाटलं होतं, शालनमावशी तरी माझ्या बाजूने असतील.
“नको गे बाय ती जाळी. हात आत जाणा नाय. किलोवर पैसे माझे, दिवसाक निम्मो माल निघतलो. तू कागदार सही करतलंस, पोट माझा.”
बरोबर आहे. म्हणजे नियम पाळायचा खर्च मी न विचारता त्यांच्यावर टाकत होते. जाळी लावायची तर आधी त्यांचा हिशोब किलोवरून काढून महिन्याच्या पगारावर आणायचा. आप्पांना हे सांगायचं धैर्य...

२४ फेब्रुवारी, सोमवार
करी रोडला फॅब्रिकेटरकडे. मी म्हटलं, जाळी वेल्ड करून टाका, काढताच येऊ नये.
“मॅडम, मग साफ कशी करणार? आत मसाला कुजेल.”
त्याने सुचवलं: समोर जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा, बाजूंना जाळी, बिजागरीवर दार. दार उघडलं की मोटर बंद. कडेचा माल लोटायला बाहेरून फटीतून आत जाणारं लांब दांड्याचं लाकडी उलथनं. पत्रा मिरचीने लाल होणारच, दर गिऱ्हाइकाला पुसावा लागेल. पुसू.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
जेवताना आप्पांना सगळं एका दमात सांगितलं. दार, मोटर, मावशींचा पगार. ताटातली आमटी निवली.
“दिगू असा कायएक करणा नाय.”
“माहीत आहे.”
“सीझन तोंडार इलो. काकूसारखी आणखी धा गेली तर?”
“जातीलही,” मी म्हटलं. दिगूकाका तीच घोषणा डोळे मिटून भरतील आणि उघडा डंख चालवतील. पूर्वी साहेब दोघांकडे यायचे, म्हणून दोघांची अडचण सारखी होती. आता जो पाळेल तो एकटा पडेल. सरकारने आमच्यावर विश्वास टाकला म्हणतात. आम्हा सगळ्यांवर एकदम टाकलाय, ही त्यातली गोम.
आप्पा हात धुवून आले. “मावशीक पगार दे,” एवढंच म्हणाले. जाळीला हो नाही, नाहीही नाही.
फॅब्रिकेटरला फोन केला. सोमवारी, ३ मार्चला, डंख बंद असतो तेव्हा तो दार बसवायला येईल. दार उघडल्यावर मोटर थांबते का ते स्वतः बघणार. थांबली, तर सही त्याच दिवशी.